तेरास बारा

गणिताच्या मास्तराच्या नशिबी एक मोठे दुःख असते. तो जन्मभर जी गणिते शिकवतो ती त्याला खऱ्या आयुष्यात कोणी करायला सांगत नाही. एका टाकीला दोन नळ आहेत, एक ती भरतो आणि दुसरा रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल, हे मी तेवीस वर्षे मुलांना विचारीत आलो. पण एकाही माणसाने मला आपल्या गच्चीवर नेऊन, "मास्तर, ही आमची टाकी, आता सांगा," असे म्हटले नाही. 'गुणोत्तर आणि प्रमाण' हा तर माझा लाडका धडा. तो शिकवताना मला स्वतःचाच आवाज गोड वाटत असे. पण घरात मात्र त्याला काडीची किंमत नव्हती. आमची सौ. चहातले साखरेचे प्रमाण नुसत्या मनगटाने ठरवते आणि ते बरोबर येते. मी एकदा मोजूनमापून चहा केला होता, तो शेजारच्या मांजराने हुंगून सोडून दिला.

म्हणून १९८६ साली आमच्या घरमालकांनी रात्री साडेनऊ वाजता दार ठोठावून, "मास्तर, रेशोचं काय करायचं?" असे विचारले, तेव्हा मला अक्षरशः गहिवरून आले.

आम्ही तळवलीला राहत होतो. आज ठाणे-वाशी रेल्वेने घणसोली किंवा रबाळे स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला तळवली म्हणजे इमारतींच्या गर्दीत अडकलेले एक जुने गाव वाटते. पण ती रेल्वे आली २००४ साली. नवी मुंबईची महानगरपालिकाच मुळी १९९२ ची. त्या आधी ठाणे-बेलापूर रस्ता सोडून खाडीच्या अंगाला वळले की प्रथम चिखलाचा आणि नंतर सुक्या मासळीचा वास यायचा, आणि ओळखावे, की घर आले. आमचे घरमालक म्हणजे दादूस. आगरी बोलीत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. ते माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे होते. पण घरमालक हा भाडेकरूपेक्षा नेहमी थोरलाच असतो.

दादूसची भातशेती होती. 'होती' हा शब्द त्या भागात तेव्हा फार वापरला जाई. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. त्याच्याही आधीपासून रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला कारखान्यांची वसाहत पसरत होती. मोबदल्यावरून लढे झाले; १९८४ च्या जानेवारीत उरणकडे गोळीबार होऊन पाच माणसे गेली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात पैसे आले. पण भात पेरायचे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांना पैसे कुठे पेरायचे हे कोणी शिकवले नव्हते. कोणी घर बांधले, कोणी मुलींची लग्ने केली. दादूसनी ट्रक घेतला. संध्याकाळी ते ओट्यावर बसून त्या ट्रककडे असे बघत, की जणू पोटरीला आलेले भातच उभे आहे. त्या ट्रकमध्ये त्यांचे तीन एकर होते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

ट्रक चांगला चालला होता. कारखान्यातला माल भरायचा, पनवेलवरून बोरघाट चढून हडपसरला टाकायचा आणि परत यायचे. मग एके दिवशी दादूसना स्वस्ताईने गाठले. कुठल्याशा बंद पडलेल्या खडीच्या कामावरचे सात टायर, लोखंडी डिस्कसकट, निम्म्या किमतीत मिळत होते. आमच्या ट्रकचे टायर होते ८.२५-२० मापाचे, हे होते १०.००-२०. बाजारात त्यांना 'हजार-वीस' म्हणतात. टायरवर दशांश चिन्ह स्वच्छ छापलेले असूनही दहाचे हजार कसे होतात, हे मी दादूसना विचारले. ते म्हणाले, "बाजारात टिंब चालत नाय, मास्तर."

हजार-वीस चढवले आणि ट्रकचे रूपच पालटले. शाळेच्या गणवेशातल्या मुलाने एकदम धोतर-फेटा घालून यावे तसा तो दिसू लागला. अख्खे गाव बघून गेले. आमची सौ. तेवढी म्हणाली, "बूट मोठे घातले म्हणून काही पाय मोठे होत नाहीत." मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. तिला गणित येत नाही, असा माझा त्या काळी समज होता.

तर त्या रात्री दादूस आले ते दोन तक्रारी घेऊन. पहिली तक्रार त्यांनी अशी सांगितली, "मास्तर, गारी घाट चरत नाय."

आगरी बोलीत 'ड' आणि 'ढ' यांचा 'र' होतो हे मला इतक्या वर्षांत समजायला हवे होते. पण मी क्षणभर डोळ्यांपुढे बोरघाटातले गवत आणले आणि ट्रकने ते का चरावे याचा विचार करू लागलो. मग उलगडा झाला. गाडी घाट चढत नव्हती. खोपोली सोडून चढ लागला की पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये हसतखेळत जाणारा ट्रक आता तिसऱ्यात गुदमरे आणि दुसऱ्यात रांगे. पाणी उकळे, क्लच जळका वास सोडी, आणि क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर धावे. गाडी थांबलीच तर चाकाखाली सारायला. रबाळ्याच्या मिस्त्रींनी सांगितले होते, की मागच्या ॲक्सलचा रेशो बदलावा लागेल, कुठला घ्यायचा ते मास्तरांकडून काढून आणा.

दुसरी तक्रार डिझेलची होती. "पयला साडेचारचा ॲव्हरेज होता. आता डिझेल जातंय कुठं, मना नाय कलत."

मी दुसरी तक्रार आधी घेतली. कारण ॲक्सल म्हणजे नेमके काय ते मला ठाऊक नव्हते, आणि डिझेलचा हिशेब पाचवीतला मुलगाही करील. दादूसच्या डायरीत शेवटची खेप होती: मीटरप्रमाणे २५२ किलोमीटर, डिझेल ६१ लिटर. लिटरला साडेचार किलोमीटर तर २५२ किलोमीटरला किती? ५६ लिटर. भरले ६१. फरक ५. महिन्याला दहा खेपा, म्हणजे ५० लिटर. मी खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणालो, "दादूस, प्रत्येक खेपेला पाच लिटर डिझेल कोणीतरी काढतो आहे." आणि अगदीच नाव घ्यायला नको म्हणून पुढे म्हणालो, "गाडी कोणाच्या ताब्यात असते?"

गाडी असे आमच्या बत्तीसच्या ताब्यात. हा शेजारच्या गोठिवलीचा मुलगा, माझाच विद्यार्थी. खरे नाव वेगळे. पण गणितात पास व्हायला ३५ गुण लागत आणि त्याला सहामाहीत ३२, वार्षिकात ३२ आणि फेरपरीक्षेतही ३२ पडले होते, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत त्याचे हेच नाव पडले. उत्तरे त्याची पुष्कळदा बरोबर असत. पण रीत नसे. "उत्तर कुठून आलं?" असे विचारले की म्हणे, "दिसलं, सर." दिसण्याला गुण देण्याची सोय परीक्षा मंडळाने केलेली नाही. तीन गुणांची कृपा मी करू शकलो असतो, केली नाही. तत्त्व म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूसनी त्याला ओट्यापुढे उभे करून विचारले. तो काही बोलला नाही. खिशातून किल्ली काढली, ओट्यावर ठेवली आणि चालता झाला. मी खिडकीतून पाहत होतो. गणित अचूक सुटल्याचा जो आनंद असतो तो मला झाला, हे आज लिहायलाही जड जाते.

संध्याकाळी मी शाळेतून आलो तर तो आमच्या दाराशी उभा. आत ये म्हटले तरी येईना.

"सर, एक विचारू? रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड खोटे असतात का?"

"दगड कशाला खोटे असतील?"

"मग आपला मीटर खोटा हाय. मी मोजलंय, सर. तेरा दगड मागं गेले की मीटर बारा दाखवतो. दर खेपेला. नवीन टायर घातल्यापासून."

एवढे बोलून तो गेला. "मी डिझेल चोरलं नाही," हे वाक्य त्याने एकदाही उच्चारले नाही. मी मात्र उंबऱ्यात तसाच उभा राहिलो. तेरास बारा! तेवीस वर्षे मी जे प्रमाण फळ्यावर शोधत होतो ते या पोराने रस्त्यावर सापडवले होते.

मी सौ.च्या शिलाईच्या मशीनची टेप घेतली, सुतळी घेतली आणि ट्रककडे धावलो. ट्रकच्या टायरला सुतळी गुंडाळणारा गणिताचा मास्तर पाहायला बरीच मंडळी जमली. नव्या टायरचा घेर भरला ३३१ सेंटिमीटर आणि वर अर्धा. जुना एक टायर अंगणात पडला होता, पोरे त्यात बसून खेळत असत. त्यांना उठवून तोही मोजला. ३०६. भागाकार केला: १.०८३. तेरा भागिले बारा किती? १.०८३.

म्हणजे घडले होते ते असे. मीटर बिचारा रस्त्याकडे बघत नाही. तो गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या मोजतो आणि जुन्या टायरच्या मापाने त्याचे किलोमीटर करतो. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. पण मीटरला ते कोणी कळवत नाही. तो २५२ म्हणत होता तेव्हा गाडी २५२ गुणिले १३ भागिले १२, म्हणजे २७३ किलोमीटर चालली होती. २७३ ला साडेचारने भागा: साठ लिटर आणि वर दोन तृतीयांश. भरले होते ६१. एवढे डिझेल तर पंपावर नळी झटकतानाही जाते!

माझी रीत बरोबर होती, भागाकार बरोबर होता, खाली दोन रेघाही सरळ होत्या. आणि त्यावरून मी एका निरपराध मुलाला चोर ठरवले होते. मराठीत 'तीन तेरा नऊ बारा' अशी म्हण आहे. त्यातले तीन मी त्याला दिले नव्हते, तेरा-बारा त्याने मला शिकवले, आणि नऊ वाजता मी दादूसच्या ओट्यावर जाऊन सगळे कबूल केले.

दादूसनी ऐकून घेतले. बराच वेळ ट्रककडे बघितले. मग उठले, पायांत चपला घातल्या आणि काळोखातच गोठिवलीला गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. सकाळी किल्ली ओट्यावर नव्हती, एवढे मात्र मी पाहिले.

राहिली पहिली तक्रार. पुढच्या रविवारी आम्ही तिघे ट्रक घेऊन रबाळ्याला गेलो. मिस्त्री कराडकडचे. पत्र्याच्या शेडमध्ये उलट्या खोक्यावर बसून त्यांनी मला ॲक्सल समजावून दिला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी पोटासारखा फुगवटा दिसतो त्यात दोन दातेरी चाके असतात. छोटे ते पिनियन, त्याला इंजिनाकडून येणारा लांब दांडा फिरवतो. मोठे ते क्राऊन, ते चाकांना फिरवते. "पिनियन सहा दातांचं, क्राऊन सदतीस दातांचं," मिस्त्री म्हणाले. ३७ भागिले ६ म्हणजे ६.१७. दांडा सहा फेऱ्या आणि वर थोडा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. वेग सहा पटींनी घटला, जोर सहा पटींनी वाढला. देवाने दोन्ही एकदम कोणालाच दिलेले नाहीत.

"पण आत सदतीसच आहेत कशावरून?" मी विचारले. एकदा हात पोळल्यावर मी पुरावा मागायला शिकलो होतो.

"मोजून बघा की," मिस्त्री म्हणाले.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, बाकीच्या चाकांना ठोकळे लावले, मागची एक बाजू जॅकवर उचलली. चाकावर आणि दांड्यावर खडूची खूण केली. मी नवा टेरिलीनचा शर्ट घालून गाडीखाली गेलो, दांड्याच्या फेऱ्या मोजायला. बत्तीसने चाक बरोबर एक फेरी फिरवले. दांडा फिरला तीन फेऱ्या आणि वर इतकुसा. पुन्हा फिरवले. पुन्हा तीन आणि इतकुसा.

मी तेलाने माखलेला बाहेर आलो आणि गंभीरपणे म्हणालो, "मिस्त्री, यात सदतीस दात नाहीत. रेशो निम्माच भरतो आहे. दादूस, तुमचा क्राऊन कोणीतरी काढून दुसरा बसवला आहे!" एक चोर पकडून माझे समाधान झालेले दिसत नव्हते.

मिस्त्रींनी तोंडातली तंबाखू सावरली आणि ते दुसरीकडे बघू लागले. बत्तीस हळूच म्हणाला, "सर, दुसरं चाक जमिनीवर हाय. ते फिरत नाय, म्हणून त्याच्या वाटणीची फेरी हे चाक फिरतं. क्राऊन एकदा फिरला की हे दोनदा फिरतं. चाकाच्या दोन फेऱ्यांना मोजा."

मोजले. सहा आणि वर थोडे.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळता यावे आणि आतल्याला कमी, म्हणून त्या पोटात ही वाटणी करणारी योजना असते. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. दोन भावांत कसलीही वाटणी करा, बेरीज बदलत नाही. एकाने हात आखडला की ओझे दुसऱ्यावर पडते. हे तळवलीत कोणालाही समजावून सांगावे लागले नसते. मलाच ते गाडीखाली जाऊन शिकावे लागले.

"तुला हे कसं कळलं?" मी विचारले.

"दिसलं, सर."

आता निवडीचा प्रश्न. मिस्त्रींच्या माहितीप्रमाणे या ॲक्सलला बसणाऱ्या तीन जोड्या बाजारात होत्या: ३७ ला ६, ४१ ला ६ आणि ४१ ला ७. स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने दादूसना ४१-७ स्वस्तात देऊ केली होती. वर 'गाडी पळेल' असा आशीर्वादही दिला होता. गावातल्या जाणत्यांचेही मत सातकडेच झुकत होते: चाके मोठी केली तर दातही एखादा जास्त हवा, हे कोणालाही पटण्यासारखे होते. मी मिस्त्रींच्या पत्र्यावर खडूने गणित मांडले. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स मध्ये ढवळाढवळ करीत नाही, इंजिनाची एक फेरी म्हणजे दांड्याची एक फेरी. मग एक किलोमीटर जायला इंजिनाला किती फेऱ्या माराव्या लागतात?

जुने टायर आणि ३७-६: चाकाच्या सुमारे ३२७ फेऱ्या, इंजिनाच्या २०१५.

नवे टायर आणि तीच जोडी: चाकाच्या ३०२, इंजिनाच्या १८६०.

इंजिनाचे काम कमी झाले म्हणून आनंद मानायचे कारण नाही. माल तेवढाच, घाट तेवढाच, आणि तो उचलायला फेऱ्या मात्र कमी. म्हणजे प्रत्येक फेरीला जास्त जोर. दहा टनांची गाडी इंजिनाला जवळजवळ पावणेअकरा टनांची वाटू लागली होती. सायकलच्या मागे लहान दातेरी चाक बसवून चढावर गेलात तर गुडघे जे सांगतात तेच हे. फरक एवढाच, की सायकलवरून उतरून ती हातात धरून चालता येते. ट्रक हातात धरता येत नाही.

मग दुकानदाराची ४१-७ घेतली तर? ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६. फेऱ्या १७६७. म्हणजे दुखणे आणखी वाढले! असली जोडी सपाटीवर हलका माल नेणाऱ्याला ठीक. तिथे इंजिन शांत चालते आणि डिझेलही वाचते. पण आमच्या वाटेत बोरघाट होता. तो रस्ता १८३० साली झाला. शेजारून रेल्वेने घाट ओलांडला तो १८६३ साली, ३७ मीटरला १ मीटर अशा चढावरून. आणि तिलासुद्धा कर्जतला मागून जादा इंजिने लावल्याशिवाय तेव्हा चढता येत नसे. दादूसच्या ट्रकला मागून ढकलणारे कोण होते? ठोकळा घेतलेला क्लीनर!

राहिली ४१-६. भागाकार ६.८३. फेऱ्या २०६१. जुन्या २०१५ च्या अगदी शेजारी, आणि असलाच तर जोर शेकडा दोनने जास्त.

"हीच," मी म्हणालो. मिस्त्री म्हणाले, "मला वाटलंच हुतं. पर वाटतंय म्हणून पार्टीचं पैसं कसं घालवायचं? म्हणून म्हटलं, मास्तरला इचारा."

एक क्राऊन तेवढा बदलून भागेल का, असे दादूसनी विचारले. मिस्त्रींनी कानाला हात लावला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी घासून जुळवतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक घालतात. त्यातला एकच बदलला तर आतून रात्रंदिवस किरकिर ऐकू येते आणि शेवटी दोघांचेही दात पडतात. उपस्थितांपैकी विवाहित मंडळींना हे लगेच पटले.

मिस्त्रींनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या माझ्या पत्र्यावरच्या गणितात नव्हत्या. एक म्हणजे, "क्राऊन गाडी वढायला मदत करतो, थांबवायला न्हाई." टायर मोठा झाला तरी ब्रेकचा ड्रम तेवढाच राहतो, त्याची जमिनीवरची पकड त्याच तेरास बाराच्या हिशेबाने कमी होते, आणि ती कोणताही क्राऊन परत आणून देत नाही. तेव्हा उतरताना आधीच खालचा गिअर घालायचा आणि इंजिनालाच गाडी धरायला लावायची. हे त्यांनी बत्तीसकडून दोनदा म्हणवून घेतले. दुसरी गोष्ट कागदांची. टायरचे माप नोंदणीत लिहिलेले असते, बदल केला तर तो मंजूर करून घ्यावा लागतो. आजही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम या बाबतीत मुळीच भोळे नाही. दादूस दोन दिवस कचेरीत बसून ते काम करून आले. तेवढ्या दोन दिवसांत, स्वस्त टायर किती महाग पडतात याचा हिशेब त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय केला.

जोडी बसवली. पहिल्या भरलेल्या खेपेला मीही केबिनमध्ये बसलो. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. रेल्वेला घाटातली वाट दाखवणारा हा धनगर, अशी आख्यायिका आहे. गाड्यावाले त्याच्यापुढे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. बत्तीसने नाणे टाकले. मीही टाकले, गणित बरोबर असले तरी हरकत नसते, हे मला आता समजले होते. ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये, न गुदमरता, पाणी न उकळता खंडाळ्याला पोहोचला. क्लीनर पहिल्यांदाच घाट बसून चढला.

परत आल्यावर मी दादूसना आनंदाने सांगितले, "गाडी अगदी पहिल्यासारखी चढली!"

दादूसनी विचार केला. "मंजे टायर घ्यायच्या आधी चरत होती, तशी?"

"अगदी तशी."

"मग मास्तर, टायरचे पैसे दिले, डिस्कचे दिले, क्राऊनचे दिले, ते कशाचे?"

या प्रश्नाला माझ्याकडे रीत नव्हती. खरे म्हणजे सर्वांत स्वस्त उत्तर जुने टायर पुन्हा चढवणे हेच होते. पण त्यांतले बाकीचे दादूसनी विकून टाकले होते आणि उरलेल्या एकात पोरे खेळत होती. सौ.ने बूट आणि पायांचे जे म्हटले होते ते मला आठवले. मी ते बोललो नाही.

मीटरची गोष्टही सांगितली पाहिजे. क्राऊन बदलल्यावर तोही जवळजवळ ताळ्यावर आला; फक्त आता शेकड्याला दोन किलोमीटर जास्त दाखवू लागला. त्यामुळे डायरीतला ॲव्हरेज साडेचारच्याही वर गेला. मी दादूसना सावध केले, की हे दोन किलोमीटर खोटे आहेत. ते म्हणाले, "असूं दे. पयला मीटर पोराला चोर म्हनत होता. आता चार दिवस साव म्हनू दे." मीटरचे नाव घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते. हा त्यांचा मोठेपणा.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत मी पहिल्यांदाच पुस्तकाबाहेरचा प्रश्न काढला: 'एका ट्रकच्या जुन्या व नव्या टायरच्या घेरांचे गुणोत्तर १२ : १३ आहे. मीटरप्रमाणे ट्रक २५२ किलोमीटर गेला व त्याला ६१ लिटर डिझेल लागले. तर ड्रायव्हर चोर आहे काय? (गुण ३)'. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. प्रश्न अभ्यासक्रमात बसत नाही, आणि गणिताच्या परीक्षेत माणसाच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याची पद्धत नाही, असे ते म्हणाले. मी त्यांना सांगू पाहिले, की मी नुकतेच तेच केले होते. त्यांनी ऐकले नाही. प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी टाकीचा घातला. दोन नळांच्या.